ब्रेक लावला की

खंडेनवमीच्या सकाळी एक जुनी फियाट ब्रेक न लावताच जोतीराम इलेक्ट्रिशियनच्या दारात थांबली. आधी गिअर पाडला, मग हँडब्रेक ओढला, तरी पूजेला मांडलेल्या हत्यारांपासून चाक वीतभरच लांब राहिलं. पक्कड, पाने, टेस्टर, सगळं धुऊनपुसून पाटावर ठेवलेलं होतं. वर झेंडूची फुलं.

"पावणं, ब्रेक न्हाईत व्हय गाडीला?" जोतीराम ओरडला. उद्यमनगरात यंत्रांच्या खडखडाटात ओरडणं म्हणजे साधं विचारणंच.

"हाईत की." गाडीतले हंबीरराव म्हणाले. साठीचा माणूस, कागलकडचा शेतकरी. "पर लावला की बोलतंय."

"कोण बोलतंय?"

"मीच."

जोतीरामानं वीस वर्षांत गाड्यांचे नाना नखरे पाहिले होते. हॉर्न दाबला की वायपर फिरणारी गाडीसुद्धा त्यानं ताळ्यावर आणली होती. हे मात्र नवीन होतं. मागच्या सीटवर हंबीररावांची बायको शालूबाई बसली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही आणि जोतीरामाकडंही नाही.

"आज हत्यार उचलत न्हाई. खंडेनवमी हाय. उद्या या."

हंबीररावांनी पाटाकडं आत्ता कुठं पाहिलं. "ध्येनातच न्हाई बघा. आमच्यात यंदा सण न्हाईत."

असं कोणत्या घरातला माणूस बोलतो हे सांगावं लागत नाही. जोतीरामाचा आवाज खाली आला. "कोण गेलं?"

"पोरगं. कृष्णात." हंबीरराव स्टिअरिंग पुसू लागले. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. "त्या दिशी सकाळी रेडिओवरचं गाणं कॅसेटीत भरत बसलं हुतं. म्या ओरडलो, त्ये बी कॅसेटीत गेलं. दुपारी त्यानं गाडीत ह्यो टेप बसवला, तीच कॅसेट घातली. काम अर्धंच झालं हुतं, म्याच त्याला हिरीवर मोटर चालू करायला धाडला. स्टार्टरात करंट उतरला हुता. हात लावला त्यो लावलाच."

रस्त्यावरून कोणाची तरी हार घातलेली रिक्षा गेली.

"तवापासनं रोज सकाळी बॅटरी उतरलेली. आणि ब्रेक लावला की माझा आवाज माझ्याच अंगावर येतोय. लगीच पाय काढतो. कागलपासनं नुसत्या गिअरवर आलोय. तोडून टाक त्या टेपची तार."

देवापुढं ठेवलेलं हत्यार उचलायचं नसतं, पण हात काही कोणी पाटावर ठेवत नाही. "इंजन चालूच ठेवा," असं म्हणून जोतीराम शेजारच्या सीटच्या बाजूनं डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झाला. टेपमागची लाल तार बोटांनी धरून तो पुढं सरकत गेला. एका जागी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती सोडवली, तर आत दोन तारा नुसत्या पिळलेल्या. पीळ सुबक होता. पोरगं हुशार होतं, फक्त घाईत होतं. टेपची तार ब्रेकच्या दिव्याच्या तारेला जोडून बसलं होतं.

पट्टी हातात घेताना त्याला ब्रेकचं पेडल दिसलं. रबरावर बारीक चकचकीत रेघा होत्या, एकीवर एक, कितीतरी. पुरुषाच्या चपलेनं अशा रेघा पडत नाहीत. त्यानं मान वळवली. मागच्या सीटखाली शालूबाईचे अनवाणी पाय होते, आणि बोटांत चांदीची जोडवी. तिनं पाय पदराखाली ओढून घेतले.

जोतीरामानं मान परत तारांकडं वळवली. "तार हातानं सुटल," एवढंच म्हणाला. "सोडवू?"

"सोडव."

"थांब बाबा." शालूबाई पहिल्यांदाच बोलली. मग नवऱ्याला म्हणाली, "एकदा पुरतं ऐका. मग तोडा."

"मला न्हाई ऐकायचं."

"ब्रेक दाबा. आणि पाय काढू नगासा."

हंबीररावांनी पाय ठेवला. दाबताना त्यांनी डोळे मिटले.

टेप सुरू झाला. गाण्याची अर्धी ओळ, आणि मग त्यांचाच आवाज, घर दणाणून सोडणारा: "बंद कर त्ये तुणतुणं! रानात पाणी कोण पाजायचं, तुझा आज्जा?" हंबीररावांचा पाय वर येऊ लागला. शालूबाईनं मागून त्यांच्या खांद्यावर हात दाबून धरला.

मग एक तरुण आवाज आला, अगदी जवळून, हसू दाबलेला.

"आबा, गप की जरा! तुमच्या आवडीचंच भरतोय."

गाणं पुढं चालू झालं. शालूबाईनं वाकून हात पुढं घातला. तिचं बोट न शोधता नेमक्या बटणावर गेलं. कॅसेट सर्रकन उलटी फिरली आणि बरोबर त्या अर्ध्या ओळीपाशी तिनं ती थांबवली. इतका सराव हंबीररावांनी तिच्या हाताला फक्त भाकरी थापतानाच पाहिला होता.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही रानात गेल्यावर."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही तार तोडली असतीसा."

रडू दाबताना हंबीररावांचं तोंड वाकडं झालं. पांढरी पट्टी अजून जोतीरामाच्या हातातच होती. त्यानं ती पुन्हा होती तशी गुंडाळली, बोटानं दाबून बसवली आणि कपडे झटकत उठला.

गाडी निघाली. पुढच्या कोपऱ्यापर्यंत रस्ता सगळा मोकळा होता. तरी मध्येच फियाट थांबली आणि मागचे दोन्ही लाल दिवे पेटले.

पाठीमागून आलेला टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. जोतीराम दोन्ही हात वर करून त्याच्याकडं धावत सुटला.

"गप की जरा!" तो ओरडत होता. "गप!"

हॉर्न थांबला. दिवे पेटलेलेच होते.