पाचवं उद्यान
अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातली लाल दऱ्यांची चार राष्ट्रीय उद्यानं एकटीनं गाडी चालवत पाहिल्यावर सत्तरीतल्या आर्विलानं पाचव्याकडे वळायचं धाडस केलं. तिथल्याच दरीत ती वाढली होती. उद्यान झालं तेव्हा तिथली घरं पाडली गेली. जर्दाळूची बाग मात्र राहिली. शिडीवरून फळं काढणारी उद्यानरक्षक मुलगी म्हणाली, "आजी, हवी तेवढी खा. काही शोधताय का?" "घर," आर्विला म्हणाली. "तुझी शिडी आहे ना, तिथं आमची ओसरी होती." मुलगी खाली उतरली. "आणि दार?" आर्विला बाजूला सरकली. "इथं. आई इथूनच जेवायला हाका मारायची. कड्यावर आपटून त्या पुन्हा यायच्या." मुलगी तिथवर आली, थांबली आणि गवतावर बूट पुसत म्हणाली, "येऊ का आत?" आर्विलानं डोळे टिपले. "ये. चौकट बुटकी आहे, बाबांनासुद्धा वाकावं लागतं."