हिंगाची कणीक

सकाळपासून प्लॅस्टिकच्या आमिषाला एकाही माशाने भीक घातली नव्हती, आणि आता अर्ध्या तासात अप्पांनी तीन चिलापी मासे काढले होते. चौथा लागला तेव्हा दांडी पार वाकली.

"सारंग, धर, धर! उजनीवर तीस वर्षांत एवढा मोठा लागला नव्हता!"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अप्पा परदेशात मुलाच्या यिशुनमधल्या फ्लॅटमध्ये दोन महिने तोंड शिवल्यासारखे बसून होते. आज गडी खुलला होता. सारंगला फार बरं वाटलं. मासा बादलीत टाकायला तो वाकला, आणि त्याला हिंगाचा वास आला.

अप्पांच्या पायाशी स्टीलचा डबा उघडा होता. आत कणकेचा गोळा.

"अप्पा, हे काय?"

"सूनबाईकडून मळून घेतली. हिंग घातला की मासा येतोच."

"अहो, इथे फक्त नकली आमिष चालतं! सांगितलं होतं ना?"

"गांडूळ-बिंडूळ चालत नाही, असं म्हणाला होतास. कणीक काय वळवळते?"

तो तसंच म्हणाला होता, खरं. झाकण शोधेपर्यंत जलाशयाच्या काठाने एक तरुण तपासनीस येताना दिसला, गणवेशातला, हातात टॅब घेतलेला. सारंगचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला होता, तिसऱ्याचा निकाल यायचा होता. दंड भरून टाकता आला असता. पण आपल्या नावावर नोंद झाली तर?

अप्पा मात्र ताठ उभे राहिले. स्वतः धरणावर गस्त घालून चोरट्यांची जाळी जप्त केलेला माणूस तो.

"अंकल, व्हॉट बेट यू यूज?" तपासनिसाने आमिषाची चौकशी केली.

अप्पांनी डबा उचलून सरळ पुढे केला. "धिस..."

"हिज लंच," सारंग मध्येच म्हणाला.

तपासनिसाने डब्यात पाहिलं, मग बादलीत. सगळ्यात मोठ्या माशाच्या ओठाला कणकेचा कण अजून चिकटलेला होता.

"लंच आह? देन ईट, लाह."

अप्पा हात पुढे करणार, तोच सारंगने डबा काढून घेतला. एक लचका तोडून तोंडात घातला. कणीक टाळूला चिकटली. घशात हिंग उतरला तसं डोळ्यांत पाणी आलं. त्याने कसाबसा घास गिळला आणि दुसरा तोडला. तपासनीस शांतपणे बघत होता. अप्पाही बघत होते, आणि तेच जास्त जड जात होतं.

तिसऱ्या घासाला तपासनिसाने हात वर केला. "इनफ. टेक होम." त्याने नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि टॅबवर काहीही न लिहिता निघून गेला.

"सुटलो बुवा," म्हणत सारंगने हसून अप्पांकडे पाहिलं.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी चारही मासे एकेक करून पाण्यात सोडले. गळाची दोरी गुंडाळली. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून ती मुलाच्या हातात दिली.

"पी आधी."

सारंग घटाघटा प्यायला.

"त्या पोराच्या जागी मी असतो ना," अप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "तर तुला सोडलं नसतं."