पक्कं सिमेंट

"आबा, जेवीसन उनात ना?" काउंटरवरच्या ज्योतीने मान वर न करताच विचारलं.

अमळनेरच्या या दाताच्या दवाखान्यात आत येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारायची, जेवून आलात ना. उपाशीपोटी इंजेक्शन दिलं की माणसाला घेरी येते, म्हणून विचारायचं, एवढंच. जीवराम आबांना मात्र ते एवढंच वाटत नसे.

"जेवनू ना बाई," ते ठसक्यात म्हणाले. "कळणानी भाकर, वांगानं भरीत. वर मिरचीना ठेचा."

ठेच्यापर्यंत ज्योतीने ऐकलंच नाही, ती फोन घ्यायला वळली होती. आबांनी मनाला लावून घेतलं नाही. विचारलं, हेच पुष्कळ झालं.

घरी विचारणारं कोणी उरलं नव्हतं. रोजचं जेवण म्हणजे चहात बुडवलेले टोस्ट. एकट्या जिवासाठी कोण पीठ मळत बसणार? पण दवाखान्याची तारीख असली की आबा उजाडायच्या आत उठून वांगी भाजायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायचे. कोणी विचारलं तर सांगायला काही हवं ना. उगाच खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

आजचं खोटं मात्र ते एसटीत बसून घोकत आले होते.

मागच्या खेपेला दिपमाला मॅडमनी दाढेतली कीड कोरून काढली होती आणि खड्ड्यात लवंगेच्या वासाचं कच्चं सिमेंट भरलं होतं. कीड पार नसेच्या जवळ गेलीय, थोडे दिवस वाट बघू, असं म्हणाल्या होत्या. दुखलं तर नस काढावी लागेल, चार-पाच चकरा होतील. नाही दुखलं तर एका बैठकीत पक्कं सिमेंट, विषय संपला. आबांनी त्यातल्या चार-पाच चकरा तेवढ्या ऐकल्या आणि मनाशी गाठ मारली.

खुर्ची मागे कलली. मॅडमनी आरशाच्या दांडीने दाढेवर हलकेच ठोकलं. "दुखतं?"

"भलतं दुखस."

शेजारच्या दाढेवर ठोकलं. "आणि ही?"

"तीबी."

मग त्यांनी दुसऱ्या बाजूच्या धडधाकट दाढेवर ठोकलं. आबा जरा थबकले. पण आता उखळात डोकं घातलंच होतं. "तीबी," म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गारेगार कापसाचा बोळा किडक्या दाढेला टेकवला. आबांच्या डोक्यात सणक गेली आणि लगेच विरली.

"बघा आबा, नस जिवंत आहे. चांगली जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुखतं म्हणत असाल तर काढते मी. पण एकदा मारली की ती परत जिवंत होत नाही. नीट आठवून सांगा."

आबा छताकडे बघत राहिले. त्या एवढ्याशा अंधाऱ्या खड्ड्यात ती बिचारी एकटी तग धरून होती, आणि हे तिच्या जिवावर उठले होते. कशासाठी, तर आणखी चार वेळा कोणी जेवलात का विचारावं म्हणून. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"नही दुखस," ते म्हणाले. "एकबी दिन दुखनं नही."

"मग झालं तर! आजच पक्कं भरू. दाताच्या रंगाचं भरायचं, की चांदीचं?"

इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, जास्त टिकणारं कोणतं. आबांनी विचारलं, "लवकर पडी जास ते कोनतं?"

"आबा, तुम्ही पण ना!" मॅडम खळखळून हसल्या आणि कामाला लागल्या.

खरखर झाली, पाणी उडालं, दाढ कोरडी झाली. मऊ मसाला थोडा थोडा भरून मॅडम त्यावर निळा उजेड धरायच्या; मशीन चिवचिवलं की तेवढा थर दगडासारखा घट्ट. मग दातांत निळा कागद धरून चावायला लावलं. "उंच लागतंय का?" आबा जितक्या वेळा हो म्हणाले, तितक्या वेळा त्यांनी घासून दिलं. शेवटी हो म्हणायला जागाच राहिली नाही.

"ही दाढ आता तुम्हाला शेवटच्या घासापर्यंत साथ देणार," मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या. "पुन्हा यायला नको. दोन्ही बाजूंनी मजेत जेवा."

आबांनी जीभ फिरवून पाहिली. खड्डा कुठे होता तेही कळत नव्हतं.

बाहेर येऊन ते दाराशी चपला घालत होते, चांगला वेळ लावून. तेवढ्यात एक म्हातारी गाल धरून आत आली.

"अक्का, जेवीसन उनात ना?" ज्योतीने विचारलं.

ठणक्याने म्हातारीच्या तोंडून शब्द फुटेना. आबा उंबऱ्यात थांबले.

"जेवनू ना बाई," ते हळूच म्हणाले. "कळणानी भाकर, वांगानं भरीत." जरा थांबून, कोणी आपल्याकडे बघत नाही असं पाहून, त्यांनी पुरं केलं, "वर मिरचीना ठेचा."

आणि जिना उतरले.