आले सगळे

शिट्टी वाजली आणि सुनेने गॅस बंद केला. त्या सकाळी तिसऱ्यांदा.

कढईतली भाजी अर्धी कच्ची होती, अर्धी करपली होती. चपला न घालता, दोन्ही मुलींना पुढे करून ती जिना उतरली. मागून नवरा आला, अर्ध्या गालावर दाढीचा फेस घेऊन. दोन मजले उतरून चौघं गेटजवळच्या खांबाखाली उभे राहिले. तळमजल्यावरचा शेजारी दारात चहाचा कप घेऊन बसला होता. दर रविवारचा हा तमाशा त्याला फुकटात मिळायचा.

वरच्या खिडकीतून सासऱ्यांचं डोकं बाहेर आलं.

"एक, दोन, तीन, चार. आले सगळे!" त्यांनी हातातलं घड्याळ पाहिलं. "एक मिनिट पन्नास! आगीला काय सांगणार, थांब, दाढी चाललीये? पुन्हा!"

सासरे चौतीस वर्षं अग्निशमन दलात होते. निवृत्त झाले, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. घरभर त्यांचे नियम. एका सॉकेटला एकच प्लग. झोपण्याआधी सिलिंडर बंद. दारामागे त्यांच्या हातचा कागद चिकटवलेला: काही उचलायचं नाही, जिन्यानेच उतरायचं. आणि खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित: मागे वळायचं नाही. धाकटी एकदा बाहुलीसाठी वळली, तर असे खेकसले की पोर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. स्वतः मात्र कधी एक पायरी उतरले नाहीत. "पंच कधी धावतो का?" म्हणायचे. सासूबाईंना सरावातून सूट होती. खुबा मोडल्यापासून वर्षभर त्या पलंगावरच होत्या. आजारी माणसाला कशाला त्रास, हेही सासऱ्यांचंच म्हणणं.

आठवड्यातून एक सुट्टी, आणि तीही अशी. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गर्रकन वळली आणि जिना चढू लागली.

"आई, मागे वळायचं नाही!" धाकटी ओरडली.

"आज वळणार."

चढताना तिने वाक्यं तयार केली. ही तुमची छावणी नाही. आम्ही तुमचे शिपाई नाही. सासऱ्यांच्या खोलीचं दार बंद होतं. तिने ढकललं, तर कशाला तरी अडलं. तिने खांदा लावला. दाराखालच्या फटीत आतून ओला टॉवेल कोंबलेला होता.

आत पाण्याची बादली होती. पलंगाशेजारी स्टुलावर सासरे बसले होते. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात सासूबाईंचा हात.

"हे काय चाललंय, बाबा?"

"ज्यांना उतरता येत नाही त्यांनी दार लावायचं. फटीत ओलं कापड. खिडकीशी थांबायचं." सासरे पाठ केल्यासारखे बोलले. "नियम आहे."

"गाडी यायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं. रस्ता मोकळा असेल तर."

"आणि हे दार किती टिकतं?"

चौतीस वर्षं दारं फोडलेला माणूस उठून टॉवेल पुन्हा फटीकडे सारू लागला. बोलल्या त्या सासूबाई.

"पाच-सात, म्हणाले मला. मी म्हटलं, मी राहते, तुम्ही तरी उतरा. ऐकतायत का! जन्मात कधी ऐकलंय माझं?"

एक, दोन, तीन, चार. आले सगळे. वर्षभर दर रविवारी तिने हे ऐकलं होतं. घरात माणसं सहा होती. तिने एकदाही मोजली नव्हती. आता तिला सासऱ्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

"कोणाला विचारून आम्हाला चारच ठरवलंत?" तिचा आवाज फाटला.

"सहा मोजले असते, तर तुझा नवरा आईसाठी परत वर आला असता गं." सासरे हळू बोलले. "परत वळलेली माणसं मी बाहेर आणलीयेत. एकही चालत आलं नाही."

"मग आधीच सोबत न्या ना! तुमच्या दलात चादरी नव्हत्या?"

ती खिडकीशी गेली. "अहो, वर या! थोरलीला आणा. आणि काका, तो कप ठेवा खाली, तुम्हीही या!"

जाड चादर सासूबाईंच्या अंगाखाली आली. सासरे आधी हललेच नाहीत. मग कोपऱ्याला सुनेने मारलेली चुकीची गाठ त्यांना बघवेना. त्यांनी ती सोडून नीट मारली, मग उरलेल्या तीनही मारल्या. सून, नवरा, थोरली आणि शेजारी अशा चौघांनी चार कोपरे धरले. सासऱ्यांनी घड्याळ नव्याने लावलं. "पाय पुढे. डोकं वर ठेवा. घाई नको," म्हणत सासरे पुढे उतरू लागले. सासूबाई कळवळत होत्या आणि मधूनच हसत होत्या. दुसऱ्या वळणावर शेजाऱ्याचा कोपरा सुटता सुटता राहिला.

खांबाखाली सगळे धापा टाकत थांबले. नवऱ्याच्या गालावरचा फेस वाळला होता.

"मोजा," सून म्हणाली.

सासऱ्यांनी चारपर्यंत पटकन मोजलं. पाच म्हणताना त्यांनी चादरीत बघितलं. सहा म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

सुनेने त्यांच्या हातातलं घड्याळ घेतलं. सहा मिनिटं वीस सेकंद. मग तिने त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली.

"फार वेळ लागला," ती म्हणाली. "पुन्हा."