पिल्लाचं नख

रायपूरच्या एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना आजारांविषयी नेमकी किती माहिती आहे, याचे सर्वेक्षण डॉ. अच्युत करीत होते. कुत्रा चावलेल्यांना लस देणाऱ्या क्षमा सिस्टरांची पाळी आली, तेव्हा त्या पोराला घेऊन आलेल्या, गुढियारी वस्तीतल्या एका बापाला फैलावर घेत होत्या. "रक्त नाही आलं म्हणून काय झालं, भैया? पिल्लाचं नख लागलं तरी सुई आजच. उद्यावर काहून ढकलून राहिला?"

तो पोराला घेऊन गेल्यावर प्रश्नोत्तरे सुरू झाली. क्षयरोग, कावीळ, पक्षाघात. सिस्टरांचे एकही उत्तर चुकले नाही.

"कुत्र्याच्या पिल्लाच्या नखाने नुसते खरचटले, तर रेबीजची लस घ्यावी लागते का?"

"मले माहीत नाही, सर."

अच्युत हसले. "सिस्टर, थट्टा पुरे. आत्ताच तर त्या माणसाला सांगत होता!"

"तुम्ही 'माहीत नाही' असंच लिहा."

"खोटी नोंद मला करता येणार नाही. हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे, तेवढे सांगा."

सिस्टरांनी उठून दार लोटले.

"आमची पोट्टी याच रोगानं गेली, सर. अंगणातल्या पिल्लाचं नख लागलं होतं. मी हळद लावली अन् ड्युटीवर आली."

अच्युतांनी पेन खाली ठेवले.


"तिचे बाबा रोज ताटावर बसले की विचारतात, 'तुले खरंच माहीत नव्हतं ना?' मी 'नव्हतं' म्हटलं, की मगच घास तोंडात घालतात."