नव्या प्रकारची नोंद

"माझ्या स्क्रीनवर काही आलंच नाही," सिस्टर पुन्हा म्हणाली. "आलं असतं तर मी वाचलं नसतं का? डोळे फुटलेत का माझे?"

वॉर्डातल्या कोपऱ्यातली कॉट रिकामी झाली होती, गादीवरची चादर काढून नेली होती. गेलेल्या म्हाताऱ्यांचा मुलगा, केस पिकलेला माणूस, टेबलापाशी उभा होता. वडील गेले तेव्हा तो याच इमारतीत, खालच्या मजल्यावर चहा पीत बसला होता. नातेवाइकांनी खाली थांबायचं आणि वॉर्डातून बोलावणं आलं की वर यायचं, असा इथला नियम. त्याला बोलावणं आलं नाही. डॉक्टरीणबाई ऑपरेशनला जाताजाता एवढंच म्हणाल्या होत्या, की दुपारी त्यांनी वॉर्डाला एक नोंद पाठवली होती. तेव्हापासून सगळं खापर सिस्टरच्या डोक्यावर फुटत होतं.

प्रोग्रामरने खुर्ची ओढली. त्याला बोलावलं होतं ते मशीन तपासायला, पण खरं सांगायचं तर तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा जुनाच होता.

"हे मशीन शेवटचं कधी बंद केलं होतं, सिस्टर?"

"बंद? बंद केलं की वर यायला युगं लागतात याला. तेवढ्यात कुणाच्या औषधाची वेळ चुकली, तर तुम्ही येणार का द्यायला?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. नोंदींचे प्रकार किती आणि कोणते, हे दर वेळी सर्व्हरला विचारत बसलं की वॉर्डातली मशिनं रखडायची. म्हणून त्यानेच तोड काढली होती: मशीन सुरू होताना प्रकारांची यादी एकदा उतरवून घ्यायची आणि पुढे त्या यादीवरच काम चालवायचं. गेल्या आठवड्यात सर्व्हरवर नवा प्रकार आला: नातेवाइकांना वर बोलावण्याची नोंद. 'कोणती यादी आहे तुझ्याकडे?' असं सर्व्हरने नोंद पाठवण्याआधी मशीनला विचारायला हवं होतं. ते काम त्याने पुढे ढकललं होतं आणि वॉर्डावॉर्डांत फोन करून, मशीन एकदा बंद करून चालू करा, असं सांगितलं होतं. न ओळखलेली नोंद आली तर? ती गुपचूप टाकून द्यायची, उगाच लाल अक्षरं दाखवून नर्सना घाबरवायचं कशाला, हेही त्याचंच डोकं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ऑफिसात सगळे हसले होते. तोही हसला होता.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" त्याने त्या माणसाला विचारलं. "मी बघून सांगतो."

"दुपारभर बाहेरच बसलो होतो," तो माणूस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला भांडायचं नाहीये कुणाशी. बाबांनी मला बोलावलं होतं का, तेवढंच कळू दे."

उद्या सांगतो, असं म्हणता आलं असतं. रिपोर्ट येऊ दे, असंही. प्रोग्रामरच्या ते अगदी ओठांवर आलं. मग त्याने मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

खरंच वेळ लागत होता. सिस्टर पदराशी चाळा करावा तशी गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीशी खेळत राहिली. मशीनने नवी यादी उतरवून घेतली, टाकून दिलेल्या नोंदी सर्व्हरकडून पुन्हा मागवल्या, आणि डॉक्टरीणबाईंची नोंद मोठ्या अक्षरांत समोर आली.

'मुलाला लगेच वर पाठवा. सारखे विचारताहेत. शुद्धीवर आहेत.'

तो माणूस वाकून वाचत राहिला. एवढ्याशा ओळीला इतका वेळ लागत नाही. प्रोग्रामरला त्याच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सिस्टरचं नाही. माझं."

त्या माणसाने मान हलवली. ऐकलं, एवढाच तिचा अर्थ.

नोंदीखाली एकच बटण होतं: 'नातेवाइकांना कळवले.' ते दाबल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं, आणि मागे बाकीच्या पेशंटची औषधं अडली होती. सिस्टरचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"दाबा, सिस्टर," तो माणूस म्हणाला. "कळवलंत तुम्ही."

तिने बटण दाबलं. नोंद निघून गेली, आणि तिच्या जागी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची संध्याकाळची गोळी आली.