कडुबाचा कान

"बसवून टाकू," कडुबा मिस्त्री म्हणाला. "इंजिन फिट हाय. तिन्ही फुंकरा सारख्या."

हे त्यानं गाडीपासून चार हात लांब उभं राहून, हाताची घडी घालून, डोळे मिटून सांगितलं. ही त्याची ढब अख्ख्या मुकुंदवाडीला ठाऊक होती. डॉक्टरला नळी लागते, कडुबाला नुसता कान पुरतो, असं लोक म्हणत आणि कडुबा ते मान खाली घालून, पण पूर्ण ऐकून घेई.

गाडी लाल, जपानी, दोन दारांची, तीस वर्षांची. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. त्यांच्या जागी समोशासारखे तिकोनी दोन रोटर गरगर फिरायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावरची बोटाएवढी पट्टी आतली हवा दाबून धरायची. प्लग काढून सेल्फ मारला की भोकातून तीन फुंकरा येतात, रोटरच्या तीन बाजूंच्या. त्या सारख्या आल्या तर इंजिन धडधाकट.

गाडीचा मालक विश्वजित स्टिअरिंगवर बसून सेल्फ मारत होता. चिकलठाण्यात त्याचा प्लॅस्टिकचा कारखाना. नवी मोठी टर्बो तो खोक्यासकट घेऊनच आला होता. ती बसली की गाडीची ताकद दीडपट.

"मराठवाड्यात अशी गाडी एकच," तो खाली उतरत म्हणाला, "आणि तिला हात लावू शकणारा माणूसही एकच."

कडुबा मनातून वीतभर उंच झाला. तेवढ्यात बॉनेटखालून त्याची लेक बोलली.

"पप्पा, पुढच्या रोटरला एकदा अंगठा लावून बघा."

मोनाली सहा वर्षांपासून गॅरेजात होती. डिप्लोमा झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून आलेली. हातात प्लगपाना, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"ऐकलं ना मी," कडुबा म्हणाला.

"ऐकलं तुम्ही. पण लावून बघा."

विश्वजित एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं बघू लागला. गिऱ्हाइकासमोर कडुबाचा शब्द आजवर कुणी फिरवला नव्हता. घरात बायको वच्छलाबाई दिवसातून तीनदा फिरवायची, ती गोष्ट वेगळी.

कडुबा जागचा हलला नाही. फुंकर दमदार निघाली तर पोरगी तोंडघशी पडणार. ढिली निघाली तर तो. दोन्हीकडून पडझड घरचीच. अंगठा लावलाच नाही, तर मात्र काहीच बिघडत नव्हतं. टर्बो बसली असती, साहेब खूश झाला असता, आणि महिन्याभरानं इंजिन फुटलं असतं तरी कुणी कानाला बोल लावला नसता. असली इंजिनं नाजूकच असतात, म्हणाले असते.

पण अंगठा लावायला तिला शिकवलं होतं कुणी? ती शाळेत असताना एका जुन्या स्कूटरपाशी त्यानंच सांगितलं होतं, "कान लोकांना दाखवायला असतो, पोरी. काम अंगठा करतो." आणि आज लाल गाडी बघून तो स्वतःच कान दाखवत बसला होता.

त्यानं हाताची घडी सोडली, वाकून प्लगच्या भोकावर अंगठा धरला.

"साहेब, परत आत बसा. मारा सेल्फ."

पहिल्या फुंकरीनं अंगठा उडवला. दुसरी ढिली. तिसरीही ढिली. पुन्हा एक दमदार, पुन्हा दोन ढिल्या. दहा-बारा फेऱ्या त्यानं निमूटपणे मोजल्या, मग हात वर केला आणि फडक्यानं अंगठा सावकाश पुसला.

"काय निघालं?" विश्वजितनं विचारलं.

कडुबानं लेकीकडं बघितलं. "सांग त्यांना."

"एक दमदार, दोन ढिल्या," मोनाली म्हणाली. "लागोपाठच्या दोन ढिल्या म्हणजे त्या दोघींच्या मधली पट्टी झिजलीय. आज चालतंय, सर. मोठी टर्बो लावली की ती पट्टी तुटणार आणि तुकडे आतलं सगळं खरवडत बाहेर पडणार. आधी इंजिन खोलायचं, पट्ट्या सगळ्या नव्या टाकायच्या. मग मोठा रेडिएटर, मोठा ऑइल कूलर. टर्बो सगळ्यात शेवटी, आणि ही नाही. हिच्याहून लहान."

"मग दीडपट कशी होणार?"

"सव्वापट होईल. पण गेलेली गाडी स्वतःच्या चाकांवर घरी येईल."

लहान टर्बोचं कडुबाच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला लाज वाटली, घोटभर. पण त्या घोटामागून असं काही भरून आलं, की त्याला उगाचच फडकं झटकावं लागलं. आपल्याला येतं तेवढं पोरीला यावं, एवढंच त्यानं मागितलं होतं. पोरगी पुढं निघून गेली होती.

विश्वजितला ते पटत होतं आणि नव्हतंही. खोक्याकडं बघत तो म्हणाला, "मिस्त्री, मघाशी तुम्हीच फिट म्हणालात. मी इथं कडुबा मिस्त्रीचं नाव ऐकून आलोय."

"मघाशी चुकलो," कडुबा म्हणाला. चाळीस वर्षांत गॅरेजानं हा शब्द पहिल्यांदा ऐकला. "पण नाव ऐकून आला असाल तर बरोबर जागी आलात, साहेब. हिचं पूर्ण नाव मोनाली कडुबा खरात. मधी मीच हाय."

विश्वजितनं गाडीची किल्ली मोनालीच्या हातावर ठेवली.

कडुबानं बाह्या वर सारल्या, पान्यांचा ट्रे ओढला आणि लेकीच्या डाव्या अंगाला, मदतनिसाच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"सांग," तो म्हणाला, "आधी काय खोलू?"